विल्यम मिलर

विल्यम मिलर (१५ फेब्रुवारी १७८२ – २० डिसेंबर १८४९) हे अमेरिकेतील शेतकरी, सैनिकी अधिकारी आणि बॅप्टिस्ट धर्मोपदेशक होते. बायबलमधील दानीएलाच्या पुस्तकाचा अभ्यास करून येशू ख्रिस्ताचे दुसरे आगमन इ.स. १८४३ च्या सुमारास होईल, असा निष्कर्ष त्यांनी काढला. या निष्कर्षाभोवती अमेरिकेच्या ईशान्य भागात जी मोठी धार्मिक चळवळ उभी राहिली, ती त्यांच्या नावावरून मिलरवादी चळवळ म्हणून ओळखली जाते. चळवळीने अखेरीस निश्चित केलेला २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस काहीही न घडता मावळला. ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात या घटनेला महानिराशा असे म्हणतात. आपले कालगणित चुकले हे मिलर यांनी जाहीरपणे मान्य केले. मात्र ख्रिस्ताच्या पुनरागमनावरील श्रद्धा त्यांनी मृत्यूपर्यंत सोडली नाही. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळीसह अनेक ख्रिस्ती पंथांचा उगम या चळवळीत आहे.

पार्श्वभूमी

येशू ख्रिस्त पुनरुत्थानानंतर स्वर्गात गेला आणि जगाचा न्याय करण्यासाठी तो पुन्हा येईल, ही श्रद्धा ख्रिस्ती धर्माच्या मूळ सिद्धान्तांपैकी एक आहे. चौथ्या शतकातील नायसिया येथील मतांगीकारातही तिचा समावेश आहे. हे आगमन केव्हा होईल, याविषयी मात्र प्रारंभापासून मतभेद राहिले. मत्तयाच्या शुभवर्तमानानुसार तो दिवस व ती घटका कोणालाही ठाऊक नाही. दुसरीकडे, जुन्या करारातील दानीएलाचे पुस्तक आणि नव्या करारातील प्रकटीकरणाचे पुस्तक यांत दिवस, आठवडे, महिने व वर्षे यांचे गूढ आकडे आढळतात. त्या आकड्यांवरून इतिहासाचा क्रम आणि जगाचा अंत शोधण्याचा प्रयत्न अनेक विद्वानांनी केला. गुरुत्वाकर्षणाचा नियम मांडणारे आयझॅक न्यूटन हेही त्यांपैकी एक होते. दानीएल व प्रकटीकरण या पुस्तकांवरील त्यांचे विवेचन त्यांच्या मृत्यूनंतर १७३३ मध्ये प्रसिद्ध झाले.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर या अभ्यासाला नवी चालना मिळाली. १७९८ मध्ये फ्रेंच सैन्याने पोप सहावा पायस यांना कैद केले, तेव्हा बायबलमधील भाकीत डोळ्यांसमोर पूर्ण होत आहे, असे अनेक प्रॉटेस्टंट अभ्यासकांना वाटले. युरोपात एडवर्ड अर्व्हिंग, तर आशिया खंडात दूरवर फिरून भारतातही आलेले जोसेफ वुल्फ यांनी याच सुमारास ख्रिस्ताच्या निकट आगमनाचा प्रचार केला. अमेरिकेतील बहुसंख्य प्रॉटेस्टंटांची धारणा मात्र वेगळी होती. धर्मप्रसार आणि समाजसुधारणा यांमुळे जग हळूहळू सुधारत जाईल, शांततेचे सहस्र वर्षांचे युग अवतरेल आणि त्यानंतर ख्रिस्त येईल, असे ते मानत. ख्रिस्ताचे आगमन आधी होईल आणि सहस्रवर्षीय राज्य नंतर सुरू होईल, असे मिलर यांचे म्हणणे होते. त्यामुळे त्यांचा वाद केवळ तारखेपुरता नव्हता. मनुष्याच्या प्रयत्नांनी जग पूर्णत्वास जाईल काय, हा प्रश्नही त्यात गुंतलेला होता.

बालपण व शिक्षण

मिलर यांचा जन्म मॅसॅच्युसेट्स राज्यातील पिट्सफील्ड येथे झाला. वडिलांचे नावही विल्यम मिलर असेच होते. ते अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात लढलेले सैनिक होते. आई पॉलिना ही एका बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाची कन्या होती. सोळा भावंडांत विल्यम थोरले. ते चार वर्षांचे असताना कुटुंब न्यूयॉर्क राज्याच्या सीमेवरील लो हॅम्प्टन या खेड्यात शेतीसाठी स्थायिक झाले.

वयाच्या नवव्या वर्षापर्यंत आईनेच त्यांना घरी शिकविले. पुढे गावच्या शाळेत त्यांचे जुजबी शिक्षण झाले. शेतीच्या कामामुळे शाळा थोडीच लाभली, परंतु वाचनाची ओढ विलक्षण होती. जवळच्या फेअर हेवन गावातील न्यायाधीश जेम्स विदरेल आणि लोकप्रतिनिधी मॅथ्यू लायन यांचे खाजगी ग्रंथसंग्रह त्यांना वाचावयास मिळाले. त्यांना औपचारिक उच्च शिक्षण किंवा धर्मशास्त्राचे प्रशिक्षण कधीच मिळाले नाही. पुढे विरोधकांनी याच गोष्टीवरून त्यांना हिणविले, तर साध्या शेतकऱ्यांना याच कारणाने ते आपल्यातले वाटले.

२९ जून १८०३ रोजी ल्यूसी स्मिथ यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि ते व्हर्मांट राज्यातील पोल्टनी येथे राहू लागले. तेथे त्यांनी पोलीस अधिकारी व शांतता न्यायाधीश अशी स्थानिक पदे सांभाळली.

श्रद्धेपासून दुरावा व सैनिकी जीवन

पोल्टनी येथील वाचनालय आणि सुशिक्षित मित्रमंडळी यांच्या सहवासात मिलर यांनी व्हॉल्टेअर, डेव्हिड ह्यूम, टॉमस पेन यांचे लेखन वाचले. आईवडिलांकडून आलेली श्रद्धा त्यामुळे ढासळली आणि ते डीइझम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मताकडे वळले. ईश्वराने सृष्टी निर्माण केली व तिला नियम घालून दिले, परंतु पुढे तो मानवी व्यवहारात हस्तक्षेप करीत नाही आणि कोणताही ग्रंथ त्याने प्रकट केलेला नाही, असे या मताचे सार होते.

१८१० मध्ये ते व्हर्मांटच्या नागरी सेनेत लेफ्टनंट झाले. १८१२ मध्ये अमेरिका व ब्रिटन यांच्यात युद्ध सुरू झाल्यावर त्यांनी स्वतः एक तुकडी उभारली आणि पुढे अमेरिकेच्या नियमित सैन्यात कॅप्टनपदापर्यंत मजल मारली. ११ सप्टेंबर १८१४ रोजी प्लॅट्सबर्ग येथे झालेल्या लढाईत ते होते. ब्रिटिश सैन्य संख्येने कितीतरी मोठे असूनही त्यास माघार घ्यावी लागली. त्या लढाईत एक तोफगोळा त्यांच्यापासून अवघ्या काही फुटांवर फुटला. आजूबाजूचे सैनिक घायाळ झाले, एक मरण पावला, मिलर यांना मात्र इजा झाली नाही. ईश्वर हस्तक्षेप करीत नसेल तर हे असे का घडले, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला. युद्धकाळात जवळून पाहिलेले मृत्यू आणि वडिलांचे निधन यांमुळे मरणोत्तर जीवनाचा विचारही त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांच्या तत्कालीन मताप्रमाणे मृत्यूनंतर काहीच उरत नव्हते. आप्तांची पुन्हा भेट होण्याची आशाही नव्हती.

धर्मपरिवर्तन व बायबलचा अभ्यास

१८१५ मध्ये सैन्यातून मुक्त होऊन मिलर लो हॅम्प्टनला परतले, विधवा आईच्या घरावरील कर्ज त्यांनी फेडले आणि शेती सुरू केली. आईच्या समाधानासाठी ते बॅप्टिस्ट मंडळीच्या उपासनेला जाऊ लागले. पाळक परगावी असले की छापील प्रवचन वाचून दाखविण्याचे काम त्यांच्याकडे येई. १८१६ मध्ये असेच एक प्रवचन वाचताना त्यांचा कंठ दाटून आला व वाचन अर्ध्यावरच थांबले. त्या सुमारास त्यांनी ख्रिस्तावरील श्रद्धेचा स्वीकार केला.

पूर्वीच्या मित्रांनी साहजिकच त्यांना घेरले. बायबलमधील विसंगतींवर ते स्वतः जी टीका करीत असत, तीच आता त्यांना ऐकावी लागली. मिलर यांनी उत्तर देण्यासाठी मुदत मागितली आणि उत्पत्तीच्या पहिल्या वचनापासून बायबल वाचावयास घेतले. भाष्ये त्यांनी बाजूला ठेवली. हाताशी बायबल आणि क्रूडन यांची शब्दसूची एवढीच साधने होती. एखाद्या वचनाचा अर्थ उलगडला नाही तर तोच शब्द बायबलमध्ये अन्यत्र कोठे व कशा अर्थाने आला आहे ते शोधावे, सर्व स्थळे परस्परांशी ताडून पाहावीत आणि विसंगती मिटल्याखेरीज पुढे जाऊ नये, असा त्यांचा नियम होता. बायबलच स्वतःचे भाष्यकार आहे आणि बुद्धीने वाचणाऱ्या कोणाही मनुष्याला ते समजू शकते, हा विश्वास या पद्धतीच्या मुळाशी होता. श्रद्धा पालटली तरी तर्कावरील भिस्त त्यांनी सोडली नव्हती.

कालगणनेचे स्वरूप

दोन वर्षांच्या अभ्यासानंतर, १८१८ मध्ये, मिलर आपल्या मुख्य निष्कर्षाप्रत आले. त्याचा आधार दानीएलाच्या आठव्या अध्यायातील चौदावे वचन हा होता. दोन हजार तीनशे दिवसांनंतर पवित्रस्थान शुद्ध होईल, असा त्या वचनाचा आशय आहे. भविष्यवाणीतील एक दिवस म्हणजे प्रत्यक्षातील एक वर्ष, हा नियम गणना व यहेज्केल या पुस्तकांच्या आधारे अनेक भाष्यकार पूर्वीपासून मानीत आले होते. त्यानुसार हा काळ २,३०० वर्षांचा ठरला.

या काळाचा आरंभ शोधण्यासाठी त्यांनी नवव्या अध्यायातील सत्तर सप्तकांची मदत घेतली. सत्तर सप्तके म्हणजे ४९० दिवस, अर्थात ४९० वर्षे. त्यांचा प्रारंभ यरुशलेमच्या पुनर्बांधणीच्या आज्ञेपासून होतो. पारसीक सम्राट अर्तहशश्त याने इ.स. पूर्व ४५७ मध्ये एज्राला दिलेली परवानगी हीच ती आज्ञा, असे मिलर यांनी मानले. तेथून ४९० वर्षे मोजल्यास इ.स. ३३ हे वर्ष येते आणि त्यांच्या मते ख्रिस्ताचे वधस्तंभावरील मरण त्याच वर्षी झाले होते. हिशेबाचा पहिला भाग असा अचूक जुळल्यावर उरलेली १,८१० वर्षे पुढे मोजून ते १८४३ या वर्षापाशी पोहोचले. पवित्रस्थान म्हणजे पृथ्वी, आणि तिची शुद्धी म्हणजे ख्रिस्ताच्या आगमनसमयी अग्नीने होणारे शुद्धीकरण, असा अर्थ त्यांनी लावला.

इतर आकड्यांवरूनही हेच वर्ष येते, असे त्यांनी दाखविले. दानीएलाच्या बाराव्या अध्यायातील १,३३५ दिवस इ.स. ५०८ पासून मोजले तर १८४३ हेच वर्ष येई. पोपच्या सत्तेची म्हणून मानलेली १,२६० वर्षे ५३८ ते १७९८ या काळाशी जुळत. एकाच वर्षाकडे निरनिराळ्या वाटांनी येणे हा त्यांना आपल्या निष्कर्षाचा बळकट पुरावा वाटला.

या गणितात एक उघड त्रुटी होती. इ.स. पूर्व १ नंतर लगेच इ.स. १ येते, मध्ये शून्य वर्ष नाही. ही गोष्ट ध्यानात घेतल्यास इ.स. पूर्व ४५७ च्या शरद ऋतूत सुरू झालेली २,३०० वर्षे १८४४ च्या शरद ऋतूत संपतात. ही दुरुस्ती चळवळीत पुढे झाली आणि तिचे परिणाम दूरगामी ठरले.

प्रचारास प्रारंभ

निष्कर्ष हाती आल्यावरही मिलर यांनी तो लगेच जाहीर केला नाही. जवळजवळ तेरा वर्षे ते आपलेच पुरावे तपासत आणि संभाव्य आक्षेपांची उत्तरे शोधत राहिले. आपण अशिक्षित शेतकरी आहोत, वक्ते नाही, ही अडचणही होतीच. मात्र जगाचा अंत खरोखर जवळ असेल आणि आपण लोकांना सावध केले नाही तर त्यांच्या नाशाचा दोष आपल्यावर येईल, ही भावना त्यांना छळत होती. कोणी आपण होऊन बोलावले तरच जाईन, असे त्यांनी अखेर प्रार्थनेत ठरविले. त्यांच्या सांगण्यानुसार अर्ध्या तासातच भाचा निरोप घेऊन आला की ड्रेस्डेन गावात पाळक नसल्याने त्यांनी येऊन बोलावे. हा प्रसंग ऑगस्ट १८३१ मधील आहे. तेव्हा मिलर एकोणपन्नास वर्षांचे होते.

१८३२ मध्ये त्यांची लेखमाला एका बॅप्टिस्ट साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. १८३३ मध्ये बॅप्टिस्ट मंडळीने त्यांना उपदेश करण्याचा परवाना दिला. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरच्या पहाटे अमेरिकेवर झालेला प्रचंड उल्कावर्षाव अनेकांना शेवटच्या काळाचे चिन्ह वाटला. १८३६ मध्ये त्यांच्या व्याख्यानांचे पुस्तक निघाले. मिलर यांची शैली भावना भडकविणारी नव्हती. ते शाळेत गणित समजावून सांगावे तशी वचने, वर्षे आणि बेरजा श्रोत्यांपुढे मांडत व प्रत्येकाने घरी जाऊन आपापल्या बायबलमध्ये ती पडताळून पाहावीत, असे सांगत.

चळवळीचा विस्तार

नोव्हेंबर १८३९ मध्ये बॉस्टनचे पाळक जोशुआ हाइम्स यांच्याशी मिलर यांची भेट झाली आणि खेड्यापाड्यांतील व्याख्यानांचे रूपांतर मोठ्या चळवळीत झाले. गुलामगिरीविरोधी कार्यात मुरलेले हाइम्स कुशल संघटक होते. त्यांनी १८४० मध्ये बॉस्टन येथे आणि १८४२ मध्ये न्यूयॉर्क येथे चळवळीची नियतकालिके सुरू केली. लाखो प्रती छापल्या जाऊन दूरवर पोहोचल्या. काही हजार माणसे बसतील असा भव्य तंबू गावोगावी उभारला जाऊ लागला. चार्ल्स फिच व अपोलोस हेल यांनी १८४२ मध्ये दानीएलाच्या स्वप्नातील पुतळा, श्वापदे आणि वर्षांचे हिशेब एकत्र दाखविणारा मोठा तक्ता तयार केला. वक्ते तो भिंतीवर टांगून व्याख्यान देत. अनुयायांची संख्या पन्नास हजार ते एक लाख असावी, असा अंदाज सामान्यतः दिला जातो. त्यांत बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन अशा सर्व मंडळ्यांचे लोक होते. स्वतंत्र पंथ काढण्याचा मिलर यांचा हेतू नव्हता.

दिवस जवळ येऊ लागला तसा विरोधही तीव्र झाला. वृत्तपत्रांनी व्यंगचित्रे छापली. मिलरवादी लोक पांढरे झगे घालून टेकड्यांवर वाट पाहत बसतात, अशा कथा पसरल्या. पुढील अभ्यासकांनी त्या बव्हंशी निराधार ठरविल्या आहेत. मंडळ्यांनी अनेक अनुयायांना सभासदत्वातून काढले, तर १८४३ नंतर काही नेत्यांनी स्वतःच जुन्या मंडळ्या सोडण्याचे आवाहन केले.

तारखांची निश्चिती आणि महानिराशा

मिलर यांनी प्रारंभी विशिष्ट दिवस कधीच सांगितला नव्हता. अनुयायांच्या आग्रहावरून त्यांनी यहुदी वर्षाच्या हिशेबाने २१ मार्च १८४३ ते २१ मार्च १८४४ हा कालावधी दिला. तो संपल्यावर त्यांनी आपली चूक झाल्याचे प्रांजळपणे जाहीर केले, परंतु आगमन जवळच आहे ही खात्री कायम ठेवली. दहा कुमारींच्या दृष्टान्तात वराला उशीर होतो. सध्याचा काळ तसाच विलंबाचा आहे, असे अनुयायी म्हणू लागले.

ऑगस्ट १८४४ मध्ये एक्सेटर येथील शिबिरात सॅम्युअल स्नो यांनी नवा हिशेब मांडला. मोशेच्या नियमशास्त्रानुसार पवित्रस्थानाची शुद्धी सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी होत असे. कराईट यहुद्यांच्या कालगणनेप्रमाणे त्या वर्षी तो दिवस २२ ऑक्टोबर हा होता. ही तारीख वणव्यासारखी पसरली. मिलर व हाइम्स आरंभी साशंक होते. सामान्य अनुयायांतील उत्साह पाहून, अगदी शेवटच्या आठवड्यांत, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात त्यांनी ती स्वीकारली. ज्या माणसाने तेरा वर्षे स्वतःचे पुरावे तपासले, त्याने दुसऱ्याने काढलेली तारीख काही आठवड्यांत मान्य केली, हा त्यांच्या जीवनातील निर्णायक क्षण ठरला.

अनेक शेतकऱ्यांनी बटाटे व धान्य शेतातच राहू दिले. दुकाने बंद झाली. लोकांनी जुनी देणी फेडली आणि भांडणे मिटवून एकमेकांची क्षमा मागितली. चार्ल्स फिच १४ ऑक्टोबरला तापाने मरण पावले, तेव्हा अवघ्या आठवड्याने ते पुन्हा भेटतील, असे त्यांच्या सहकाऱ्यांना वाटले. २२ ऑक्टोबरला लोक घरांत व सभागृहांत प्रार्थना करीत वाट पाहत राहिले. मिलर लो हॅम्प्टनला स्वतःच्या घरी होते. मध्यरात्र उलटली, दुसरा दिवस उजाडला. पुढील दिवसांत लोकांची थट्टा झाली, काही सभागृहांवर हल्ले झाले. ज्यांनी सर्वस्व चळवळीला दिले होते, त्यांच्यापुढे हिवाळा कसा काढावा हा प्रश्न उभा राहिला. त्यांच्या मदतीसाठी हाइम्स यांनी आवाहन केले.

अखेरची वर्षे

महानिराशेनंतर चळवळ विखुरली. काहींनी नव्या तारखा काढल्या, काही जुन्या मंडळ्यांत परतले, तर काहींनी श्रद्धाच सोडली. मिलर यांनी नवी तारीख दिली नाही. १८४५ च्या प्रारंभी लो हॅम्प्टनच्या बॅप्टिस्ट मंडळीने त्यांना सभासदत्वातून वगळले. ज्या मंडळीत वाचन करताना त्यांना श्रद्धा गवसली होती, तिनेच हा निर्णय घेतला. त्याच वर्षी एप्रिलअखेर ऑल्बनी येथे मुख्य प्रवाहातील नेत्यांची परिषद झाली, तिला ते उपस्थित होते.

ऑगस्ट १८४५ मध्ये त्यांनी आत्मनिवेदनपर पुस्तिका प्रसिद्ध केली. वर्षाबाबत आपली चूक झाली, हे त्यांनी तीत आडपडदा न ठेवता लिहिले. परंतु ज्या पद्धतीने ते निष्कर्षाप्रत आले ती पद्धत आणि पुनरागमनाची आशा त्यांनी सोडली नाही. कालगणनेच्या जुन्या ग्रंथांत कोठेतरी काही वर्षांची तफावत असावी, असे त्यांना वाटे. १८४८ मध्ये घराजवळ त्यांनी एक छोटे उपासनागृह बांधले. त्याच वर्षी त्यांची दृष्टी गेली. २० डिसेंबर १८४९ रोजी लो हॅम्प्टन येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे घर व उपासनागृह आज ऐतिहासिक स्थळे म्हणून जतन केलेली आहेत.

वारसा

२३ ऑक्टोबर १८४४ च्या सकाळी न्यूयॉर्क राज्यातील हायरम एडसन या अनुयायाने नवा अर्थ मांडला. तारीख बरोबर होती, घटना चुकली. पवित्रस्थान म्हणजे पृथ्वी नसून स्वर्गातील पवित्रस्थान होय आणि ख्रिस्ताने त्या दिवशी तेथे सेवेचा अखेरचा टप्पा सुरू केला, असा तो अर्थ होता. या विचाराला शनिवारच्या शब्बाथाची जोड मिळून १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळीची स्थापना झाली. तिच्या संस्थापकांपैकी एलन व्हाइट यांनी लहानपणी मिलर यांची व्याख्याने ऐकली होती. मिलर यांनी स्वतः मात्र शब्बाथाची शिकवण स्वीकारली नव्हती. ॲडव्हेंट ख्रिश्चन चर्च हाही याच चळवळीतून निघालेला पंथ आहे. महाराष्ट्रात पुण्यातील स्पायसर ही ॲडव्हेंटिस्ट शिक्षणसंस्था या परंपरेशी नाते सांगते. बहाई धर्माचे अनुयायी १८४४ या वर्षाचा संबंध वेगळ्या प्रकारे लावतात. त्या वर्षीच्या मे महिन्यात इराणमध्ये बाब यांनी आपल्या कार्याची घोषणा केली होती.

मूल्यमापन

मिलर यांच्याकडे दीर्घकाळ एक वेडा धर्मांध म्हणून पाहिले गेले. विसाव्या शतकातील इतिहासकारांनी हे चित्र बदलले. त्यांचे गृहीत सिद्धान्त व वाचनपद्धती तत्कालीन प्रॉटेस्टंट अभ्यासकांत रूढच होती; त्यांनी ती अखेरच्या टोकापर्यंत नेली, एवढेच वेगळेपण होते. सामाजिक मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी भाकीत खोटे ठरल्यावर माणसे काय करतात याचा अभ्यास करताना मिलरवाद्यांचे उदाहरण घेतले आहे.

ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या दृष्टीने मिलर यांच्या जीवनातून पुढे आलेला प्रश्न आशा आणि गणित यांच्या संबंधाचा आहे. मृत्यूनंतर काहीच उरत नाही या विचाराने अस्वस्थ झालेल्या एका सैनिकाला पुनरागमनाच्या आशेने आधार दिला. त्या आशेला वर्षाचे आणि पुढे दिवसाचे कुंपण घातल्यावर तीच आशा हजारो माणसांच्या दुःखाचे कारण झाली. तारीख गेल्यानंतरची पाच वर्षे मिलर यांनी कोणतीही तारीख न सांगता त्याच आशेवर काढली. बहुतेक ख्रिस्ती मंडळ्या आज पुनरागमनाची श्रद्धा बाळगतात, परंतु त्याचा दिवस ठरविण्याचे टाळतात. या सावधगिरीमागे १८४४ च्या अनुभवाचाही वाटा आहे.